विकत घेतलेला तास

नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी खापा नावाचं गाव आहे. गाव जुनं, नगरपालिका 1867 सालची. कोष्ट्यांची वस्ती मोठी. 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीचं कापड स्वस्त पडू लागलं, तरी खाप्याचे हातमाग लगेच थांबले नाहीत. ही गोष्ट घडली तेव्हा गल्लीतून चालताना घराघरांतून मागाचा खटखटाट ऐकू यायचा.

त्या गावात एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणत. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, आणि राहायला सासऱ्यांचा मोठा थोरला वाडा. आसपासच्या खेड्यांतल्या मुली सातवी झाली की घरी बसतात, हे बाईंनी नोकरीभर पाहिलं होतं. डोकं कमी म्हणून बसत नव्हत्या. रोज तीन-चार कोस एकटं पाठवायला आईबाप धजत नसत, आणि खाप्यात ठेवायचं तर खर्च झेपत नसे. बाईंनी आपल्या वाड्यात आठ मुली ठेवून घेतल्या. महिन्याचे पैसे इतके थोडे घेत की लोकांना वाटे, बाई पदरचं घालतात.

बाई पदरचं काही घालत नव्हत्या. त्यांनी वाड्यात नोकर ठेवला नव्हता, एवढंच. पाणी भरणं, झाडलोट, भाकरी, भांडी सगळं मुलींनी करायचं, प्रत्येकीच्या वाट्याला दिवसाचा एक तास. स्वयंपाकघराच्या दाराशी एक पाटी टांगलेली असे. तिच्यावर नावं आणि कामं. आपलं काम झालं की रात्री निजण्याआधी जिची तिने खडूने नावापुढे खूण करायची. बाई ती खूण कधी पडताळून पाहत नसत.

एका जूनमध्ये तिथे नवी मुलगी आली. सावनेरकडच्या एका संत्रा बागाईतदाराची एकुलती एक, नववीत. वडील तिला जीपने सोडायला आले होते. तिच्या वाट्याला काम आलं ते सगळ्यांत हलकं होतं. रात्रीची जेवणं झाली की स्वयंपाकघरातल्या विळ्या, चाकू, झारे, उलथणी धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून जागच्या जागी लावायची. विळीचं पातं ओलं राहिलं तर सकाळी गंज धरतं, म्हणून पुसण्याला महत्त्व.

चार दिवस तिने ते केलं आणि पाचव्या दिवशी बाईंकडे गेली. म्हणाली, "बाई, मी शिकायला आले. घरी मला कोणी पाण्याचा पेला उचलू देत नाही. माझ्या कामाचे पैसे बाबा वेगळे देतील, पण हे विळ्या पुसणं मला नको."

बाईंनी तिला खाली बसवलं. त्या दिवशी बाकीच्या मुलीही भोवती गोळा झाल्या, कारण बाई गोष्ट सांगणार हे त्यांच्या बसण्यावरूनच कळायचं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स नावाचं राज्य आहे, बाई सांगू लागल्या. तिथल्या एका शेतकऱ्याची मुलगी, मेरी लायन. पाच वर्षांची असताना बाप गेला. मिळेल तिथे शिकली, शिक्षिका झाली. त्या काळी तिकडेही मुलांसाठी कॉलेजं होती, मुलींना मात्र बहुतेक सगळीकडे दार बंद. ज्या थोड्या चांगल्या शाळा होत्या त्या श्रीमंतांच्या मुलींसाठी. मेरी लायन हातात हिरवी मखमली पिशवी घेऊन गावोगाव फिरली, शेतकऱ्यांच्या बायकांकडून मिळेल ते गोळा केलं आणि 1837 च्या 8 नोव्हेंबरला साउथ हॅडली या गावी मुलींचं विद्यालय उघडलं. माउंट होल्योक त्याचं नाव. राहणं, जेवण, शिकवणी मिळून वर्षाचे 60 डॉलर. एवढ्यात कसं भागायचं? नोकर ठेवायचे नाहीत. पाव मुलींनी भाजायचे, धुणं मुलींनी धुवायचं, रोज थोडा वेळ प्रत्येकीने द्यायचा. मेरी लायन स्पष्ट सांगायची, मुलींना घरकाम शिकवावं म्हणून हे नाही, ते त्यांच्या आयांनी शिकवलेलं आहे. हे अशासाठी की खर्च कमी राहावा आणि शेतकऱ्याच्या मुलीलाही इथे बसता यावं.

"मग श्रीमंतांच्या मुली?" नवीने विचारलं.

त्यांनाही तेच. दहा वर्षांनी, 1847 साली, शेजारच्या ॲमहर्स्ट गावातल्या एका नामवंत वकिलाची मुलगी तिथे दाखल झाली. वय सोळा. पहाटे सहाला उठणं, सातला नाश्ता, मग इतिहास, कविता, गाणं, पियानो, व्यायाम, रात्री पावणेनऊला निजण्याची घंटा. आणि तिच्या वाट्याचं काम काय होतं? जेवणाच्या टेबलांवरच्या सुऱ्या. सकाळ-दुपार त्या उचलून न्यायच्या आणि रात्री धुऊन पुसून ठेवायच्या. त्या मुलीचं नाव एमिली डिकिन्सन. पुढे तिने सतराशेच्या वर कविता लिहिल्या आणि आज साऱ्या जगात ती वाचली जाते. त्या कॉलेजात रोज दुपारी मुली एकत्र बसत आणि आज आपण कुठे उशीर केला, कुठला नियम मोडला, हे प्रत्येक मुलगी आपल्या तोंडाने सांगे. बाईंची पाटी आणि खडू तिथूनच आलेले.

गोष्ट मुलींना आवडली. नवीलाही आवडली. पण ऐकलेली गोष्ट आणि ओलं फडकं यांत फार अंतर असतं.

त्या आठात एक मुलगी खाप्यातलीच होती, कोष्ट्याची. तिचं घर एका खोलीचं. त्या खोलीत खड्डा माग. माग मांडल्यावर जी जागा उरे तिच्यात चूल, बिछाने आणि आजी. अभ्यासाला बसावं कुठे, म्हणून बाईंनी तिला रात्री वाड्यात राहायला बोलावलं होतं. पहाटे ती घरी जायची, रहाटावर तासभर कांड्या भरायची आणि तिथून शाळेत. गणितात वर्गात पहिली. कमी बोलायची, आणि नाही म्हणणं तर तिला येतच नसे.

जुलैच्या सुरुवातीला नवी तिला म्हणाली, "माझ्या विळ्या तू पूस. आठवड्याला पाच रुपये देईन."

पाच रुपये म्हणजे तेव्हा थोडे नव्हते. ती हो म्हणाली. रोज रात्री आपली भांडी घासून झाली की ती विळ्या घ्यायची. नवी कंदिलाजवळ पुस्तक उघडून बसायची (वीज तेव्हा निम्म्या रात्री नसेच) आणि निजताना उठून पाटीवर आपल्या नावापुढे खूण करायची. पहिल्या रात्री खडू हातात घेताना ती थबकली. मग तिला वाटलं, काम तर झालंच आहे. खूण खोटी कशी?

श्रावण गेला, पोळा गेला, दसरा आला. सहामाही परीक्षा झाली. नवी वर्गात तिसरी आली, याआधी ती पहिल्या दहांतही नसे. आणि जी गणितात पहिली असायची ती कोष्ट्याची मुलगी बीजगणितात नापास झाली.

शाळेतल्या मास्तरांनी उत्तरपत्रिका बाईंकडे पाठवली. पहिली दोन उदाहरणं स्वच्छ सोडवलेली. तिसरं अर्ध्यावर. त्यानंतर पेनाची एक रेघ पानाच्या कडेपर्यंत ओढत गेलेली, झोपेत हात घसरावा तशी. मग कोरं पान.

बाईंनी कोणालाच काही विचारलं नाही. फक्त नवीला म्हणाल्या, "रविवारी पहाटे हिच्यासोबत हिच्या घरी जा. नाश्त्याला परत या."

अंधारातच दोघी गेल्या. दार उघडं होतं. बाप खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला होता. नवीने माग इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. समोर ताण्याचे शेकडो धागे ताठ, बाप पायाने पावडी दाबायचा तसे निम्मे वर उचलले जायचे, मधल्या फटीतून धोटा सरकन इकडून तिकडे जायचा आणि मागोमाग फणी येऊन बाण्याचा धागा ठोकून बसवायची. लुगड्याचा काठ बोटभर पुढे सरकायला असे कितीतरी फेरे. धोट्याच्या पोटात एक छोटी कांडी, सुताने भरलेली. ती बघता बघता रिकामी व्हायची, आणि बाप मान वर न करता हात पुढे करायचा. त्या हातात भरलेली कांडी पडली पाहिजे.

मुलीने आल्या आल्या रहाट घेतला. आजी एरवी तिला मदत करायची, पण आज आजीला ताप होता. एका हाताने रहाट फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांतून सूत सोडायचं. सैल सोडलं तर मागावर गुंता होतो, घट्ट धरलं तर तुटतं. मुलीची बोटं भराभर चालत होती, पण डोळे मिटत होते. एकदा तिची मान खाली गेली. रहाट थांबला. बापाचा हात पुढे आला आणि तसाच राहिला. रिकामा धोटा मांडीवर घेऊन तो बसून राहिला. रागावला नाही, हाकही मारली नाही.

नवीला राहवलं नाही. "काका, तिला उठवू का?"

"नोको वं पोरी," तो हळूच म्हणाला. "निजू दे घडीभर. दोन-तीन महिन्यापासून अशीच करते. रात्री लय अभ्यास असते म्हणते."

"मग माग?"

"माग काय एकट्याचा असते? कांडी भरणारा हात थांबला का धोटा थांबला. मी कितीबी जोर लावला तरी काय होते?"

नवी पुढे झाली आणि मुलीच्या हातातला रहाट घेऊन फिरवायला बसली. पहिलं सूत तुटलं. दुसरंही तुटलं. तिसरी कांडी कशीबशी भरली, ती उंचसखल. बापाने ती घेतली, निरखून पाहिली आणि धोट्यात घातली.

वाटेत परत येताना कोणीच बोललं नाही. वाड्यात आल्यावर नवी सरळ बाईंसमोर उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं, पाच रुपये, विळ्या, पाटीवरची खूण. पण सांगता सांगता तिने आपली बाजूही मांडली, आणि ती बाजू अगदीच पोकळ नव्हती. "बाई, तिला पैशाची गरज होती. मी फुकट नाही करवून घेतलं. तिच्या आजीच्या औषधाला ते पैसे लागले, मला तिनेच सांगितलं."

बाई म्हणाल्या, "गरज होती, मान्य. मग नुसते का नाही दिलेस?"

नवी गप्प.

"तुझं काम कुठे गेलं असं तुला वाटलं? पैसे दिले आणि ते नाहीसं झालं? काम नाहीसं होत नाही, बाळ. ते एकीच्या अंगावरून उतरलं की दुसरीच्या अंगावर चढतं. बाजारातून विळी आणता येते, चाकू आणता येतो. दिवसाचा तास मात्र कुठल्याच दुकानात नवा तयार होत नाही. तू ज्या तासात बीजगणित केलंस तो तिच्या वहीतला होता. द्यायचं असेल तेव्हा नुसतं द्यावं. त्याच्या बदल्यात शिकणाऱ्या पोरीची रात्र घेऊ नये."

कोष्ट्याची मुलगी इतका वेळ दाराशी उभी होती. ती घाईने म्हणाली, "बाई, तिले काही बोलू नका. मी कबूल झाली होती. मले झेपते. पुढच्या टायमाले पास होतो मी."

बाई तिच्याकडे वळल्या आणि त्यांचा आवाज बदलला. त्यांना राग आला होता, आणि तो नवीवर नव्हता.

"झेपते म्हणणाऱ्या एकीची गोष्ट तुला सांगते. आनंदी गोपाळ जोशी, कल्याणची. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि औषधपाण्यावाचून दहा दिवसांत गेलं. तिने ठरवलं, आपण डॉक्टर व्हायचं, आपल्या देशातल्या बायकांसाठी. 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसली. नवरा पोस्टात कारकून, तो मागे राहिला. फिलाडेल्फियात बायकांचं मेडिकल कॉलेज होतं, तिथे तिला प्रवेश मिळाला. रॅचेल बॉडली म्हणून तिथल्या डीन, त्यांनी तिला जीव लावला. न्यू जर्सीत कार्पेंटर नावाच्या बाईंनी तर तिला घरच्यासारखं ठेवलं. माणसं चांगली भेटली, तेही खरं.

पण कॉलेज सुरू झाल्यावर ती भाड्याच्या खोलीत एकटी. दिवसभर व्याख्यानं, रसायन, शरीरशास्त्र, मुडदे फाडणं. संध्याकाळी परत यायचं ते गारठलेल्या खोलीत. शेगडी आपण पेटवायची. ती धुमसायची, खोलीभर धूर. शेगडी लावावी तर धूर, विझवावी तर थंडी. मांसाहार चालत नाही, म्हणजे स्वयंपाकही आपणच करायचा. अंगावर लुगडं, बाहेर बर्फ. तब्येत आधीच नाजूक. तरी अभ्यास सोडला नाही. प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला आणि 1886 च्या 11 मार्चला डॉक्टर झाली. पंडिता रमाबाई त्या समारंभाला मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागावर तिची नेमणूकही झाली. आणि 1887 च्या 26 फेब्रुवारीला ती पुण्यात क्षयाने गेली. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. एकाही बाईची नाडी तिला कोल्हापुरात बघता आली नाही.

थंडीने आणि धुराने ती गेली असं मी म्हणत नाही, तो रोग तेव्हा भल्याभल्यांना नेत होता. पण संध्याकाळी ती खोलीवर यायच्या आधी कोणी एक मुलगी जाऊन तिची शेगडी पेटवून ठेवणारी असती तर? तेवढंच काम, एका मुलीचं, घटकाभराचं. मेरी लायनच्या कॉलेजात ते कोणाच्या तरी वाट्याला आलंच असतं. हिच्या कॉलेजात राहायची तशी सोय नव्हती. म्हणून सगळं हिच्या एकटीवर आलं."

बाई जरा थांबल्या. "मुकाट्याने ओझं वाहण्याला लोक सोशिकपणा म्हणतात आणि बाईचा गुण म्हणून मिरवतात. मला तो गुण वाटत नाही. ज्यांच्यासाठी तू शिकतेस त्यांना तू धडधाकट हवी आहेस. उद्यापासून दमलीस की म्हणायचं, मी दमले. हेही तुझं कामच आहे असं समज, आणि ते झालं की पाटीवर खूण कर."

त्या रात्री नवीने स्वतः विळ्या घासल्या. कोष्ट्याची मुलगी सवयीने फडकं घ्यायला आली, तेव्हा नवीने तिला ओट्यावर वही घेऊन बसायला लावलं. विळी पुसता पुसता नवी समीकरणं विचारायची आणि कोष्ट्याची मुलगी ती भराभर सोडवून दाखवायची. नवीला लवकरच कळलं की मधल्या काळात आपण पाठ केलेलं पुष्कळसं आपल्याला समजलेलंच नव्हतं. दुसऱ्या दोन मुलींनी आपसांत ठरवून पहाटे आळीपाळीने कोष्ट्याच्या घरी कांड्या भरायला जायला सुरुवात केली. बाईंना त्यांनी विचारलं नाही आणि पाटीवर ते काम कधी आलंही नाही. वार्षिक परीक्षेत ती मुलगी गणितात पुन्हा पहिली आली. नवी तिसरीची सातवी झाली, आणि या वेळी तिला तो नंबर आपला वाटला.

पण त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. दिवाळीनंतर आंबिया बहाराची संत्री तोडायला आली तेव्हा नवीचे वडील दोन पेट्या घेऊन वाड्यावर आले. रात्रीची वेळ. लेक मोरीत बसून विळी घासते आहे हे पाहून त्यांचा जीव कळवळला. ते बाईंना म्हणाले, "बाई, तुमचा मान ठेवून सांगतो. उद्यापासून इथे दोन बाया कामाला लावा. आठही पोरींचं काम त्या करतील. पगार माझ्याकडून. हिचं कॉलेज होईपर्यंत देईन."

बाई काही बोलायच्या आत लेक पदराला हात पुसत बाहेर आली.

"बाबा, तुम्ही माझं कॉलेज होईपर्यंत द्याल. मग?"

"मग म्हणजे?"

"मग मी इथे नसेन. त्या दोन बायांचा पगार कोण देईल? बाईंना महिन्याचे पैसे वाढवावे लागतील. वाढवले की पहिली घरी कोण जाईल, ते मला माहीत आहे. तुम्ही तिच्या घरी या एकदा माझ्याबरोबर."

वडील लेकीकडे बघत राहिले. जूनमध्ये जीपमधून उतरलेली हीच का, असं त्यांना झालं असावं. "बरं, मग मी करू तरी काय?" त्यांनी विचारलं. "बाप आहे मी. हात हलवत परत जाऊ?"

"दहावीच्या तिघींची बोर्डाची फी भरायची राहिली आहे. ती भरा. कोण त्या, ते विचारू नका. त्यांनाही सांगू नका."

वडिलांनी खिशातून नोटा काढून बाईंच्या हाती दिल्या. बाईंनी त्या मोजल्या, जमाखर्चाच्या वहीत 'परीक्षा फी, तिघी' एवढंच लिहिलं आणि रीतसर पावती फाडून त्यांना दिली. मग म्हणाल्या, "पेट्या आत आणा. आणि बसा थोडं. तिच्या अजून दोन विळ्या पुसायच्या आहेत."